परदेशवारीनंतर पेरणीची तयारी

वाशीम, रिसोड, कारंजाकडचे काही आईवडील उन्हाळ्यात लेकरांकडे अमेरिकेला जातात आणि मृगाच्या तोंडावर घरी परततात. या दिवसांत न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. म्हणून आल्यावर रात्री टक्क जाग राहते आणि भर दुपारी डोळ्यांवर झापड येते. शरीराची लय दिवसाला साधारण एक तासानं सरकते, तेव्हा नऊ-दहा दिवस धीर धरा. दिवसा उजेडात वावरा, दुपारची झोप आटोपशीर ठेवा. गुंगीत असताना ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नका. ताप आलाच, तर कुठल्या देशातून आलात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

याच दिवसांत घरच्या सोयाबीनची उगवण तपासून घ्या. १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडा, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा आणि पाणी शिंपडत राहा. सहा-सात दिवसांनी कोंब मोजा. निरोगी कोंब ७० किंवा जास्त निघाले, तर बियाणं पेरायला योग्य. मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरणीची घाई करू नका.