कर्जबाजाऱ्याचा सल्लागार कोणाचे मीठ खातो?

(सांगवी येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सांगवीहून पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराचे काम महिन्याच्या मध्यावर सुटू शकते. कर्जाचा हप्ता मात्र सुटत नाही. आजारपण, मुलांची फी, गावाकडचे लग्न यांसाठी एक कर्ज काढले जाते, ते फेडण्यासाठी दुसरे, आणि दुसऱ्यासाठी तिसरे. मग ‘तुमचे कर्ज निम्म्यावर आणून देतो’ म्हणणारा मध्यस्थ दारात उभा राहतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा काय, हे विचारायला माणूस अखेर ओळखीच्या कार्यकर्त्याकडेच येतो. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर कार्यकर्त्यापाशी तयार असले पाहिजे.

पुणे जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि त्या उठावातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला आणि दाव्यापूर्वी समेट घडविणारे मध्यस्थ सरकारने नेमावेत, अशी तरतूद केली. न्यायमूर्ती रानडे यांनीही या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केले. त्या कायद्यामागचे तत्त्व आजही खरे आहे: ऋणकोचा कागद वाचणारा माणूस धनकोच्या ताटाखालचे मांजर असता कामा नये.

म्हणून पहिली कसोटी सल्लागाराच्या कमाईची. काम होण्याआधीच फी मागणारा, किंवा ‘हप्ते थांबवा आणि ती रक्कम आमच्याकडे भरा’ असे सांगणारा मध्यस्थ दूर ठेवावा. हप्ते थांबले की व्याज व दंड चढतात, पतनोंद बिघडते, आणि धनादेश न वटल्यास फौजदारी खटल्याला तोंड द्यावे लागू शकते. हा सारा धोका कामगाराचा, फी मात्र मध्यस्थाची! दूरध्वनीवरून कर्जमुक्तीचा धंदा करणाऱ्या कंपन्यांनी तडजोड होण्यापूर्वी फी घेऊ नये, असे बंधन अमेरिकेतसुद्धा २०१० साली घालावे लागले.

विनामूल्य वाटाही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या योजनेत कर्जसल्ला केंद्रे मोफत असावीत, ती मूळ बँकेपासून अंतर राखून चालावीत आणि सल्लागाराने बँकेच्या योजना विकू नयेत, असे अपेक्षित होते. २०१२ पासून ही केंद्रे वित्तीय साक्षरता केंद्रे म्हणून ओळखली जातात. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रकडे त्यांची चौकशी करता येते. मात्र तेथेही जुन्या कर्जावर नवे कर्ज गळ्यात बांधले जात असेल, तर कार्यकर्त्याने सावध व्हावे. कज्जा न्यायालयात गेलाच, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये औद्योगिक कामगार मोफत विधिसाहाय्याला पात्र आहे; त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तोच हक्क आहे. किती कामगारांना हे ठाऊक आहे?

दुसरी कसोटी ज्ञानाची. खरा सल्लागार आधी सर्व कर्जांची यादी करतो आणि त्यांची वर्गवारी लावतो. गल्लीतल्या सावकाराला २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा लागू आहे. त्याखाली परवाना आवश्यक आहे, मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही, आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे करावयाची. बँका व रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्या या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांच्याविषयीची तक्रार प्रथम त्या संस्थेकडे लेखी द्यावी आणि तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे न्यावी; त्यास शुल्क नाही. थकबाकीदाराला सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. हा फरक ज्याला सांगता येत नाही, त्याने कोणाचे कर्ज सोडवू नये.

तिसरी कसोटी गुप्ततेची. कोरा सही केलेला धनादेश, फोनवर येणारा सांकेतिक क्रमांक किंवा मूळ कागदपत्रे मागणारा माणूस सल्लागार नव्हेच. कर्जदाराचे नाव चावडीवर नेणाराही नव्हे.

कर्जसल्ला ही मजुरीची जागा घेणारी वस्तू नाही, हेही स्पष्ट असावे. अपुऱ्या व अनिश्चित वेतनातून जन्मलेले कर्ज हिशेबाच्या वहीने संपत नाही. त्यासाठी कायम नोकरीचा व किमान वेतनाचा लढा चालूच ठेवावा लागेल. पण लढा जिंकेपर्यंत माणूस टिकला पाहिजे. कर्जाची लाज त्याला एकटा पाडते, आणि एकट्या माणसाभोवतीच मध्यस्थ जाळे विणतो. युनियनच्या कचेरीत आठवड्यातून एक संध्याकाळ कर्जाचे कागद वाचण्यासाठी राखून ठेवली, तर ते जाळे तुटू लागेल. अट एकच: त्या टेबलामागे बसणाऱ्या कार्यकर्त्याने ना धनकोकडून दलाली घ्यावी, ना ऋणकोकडून दक्षिणा. पक्षाच्या शब्दाला वस्तीत जी किंमत आहे, ती याच निःस्पृहतेची आहे.