पावसाळ्याआधी शिकायची सेवा

(शाहूवाडी येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी हॅम रेडिओविषयी बोलणार आहे. हा हौशी लोकांचा छंद आहे. पण फोन बंद पडतात, तेव्हा रुग्णालयाचे निरोप पोहोचवायला हीच हौशी माणसे पुढे येतात. परवान्याच्या नियमांप्रमाणे त्यांना मोबदला घेता येत नाही, म्हणजे ही सेवा मुळातच विनामूल्य आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसे दगावली. तेव्हा हॅम स्वयंसेवक आपापले सेट घेऊन लातूर भागात गेले आणि मदतकार्याचे निरोप त्यांनी रेडिओवरून पोहोचवले. 2004 च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. 26 तारखेला सुनामी आली. ते काही आपत्तीसाठी गेले नव्हते. पण सेट जोडलेला होता, हात सरावलेला होता, म्हणून अंदमानचे निरोप बाहेर जाऊ शकले.

आता आपल्या तालुक्याचा विचार करा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे महापूर आपण पाहिले आहेत. वीज गेली की मोबाइल टॉवरची बॅटरी काही वेळाने संपते. डोंगरातल्या वाड्यांवर आणि धनगरवाड्यांवर तर एरवीही रेंजसाठी टेकाड चढावे लागते. अशा वेळी एखादी बाळंतीण अडली किंवा कुणाला साप चावला, तर झोळी करून निघण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: कोणता रस्ता चालू आहे, आणि मलकापुरात सर्पदंशाची लस आहे की थेट कोल्हापूर गाठायचे. हे न कळता निघालो तर लाखमोलाचे तास वाटेत जातात.

हॅमचा छोटा सेट मोटारीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. हातातल्या सेटला डोंगर आड आला की आवाज तुटतो. म्हणून एकजण उंच सड्यावर बसतो, खालचा निरोप ऐकतो आणि पुढे सांगतो. सर्वांनी एकदम बोलायचे नसते. एक नियंत्रक असतो, तो जिवावरचा निरोप आधी घेतो. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ खरखरीत सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडा ‘एक, पाच’ असा सुटा सांगायचा, ऐकणाऱ्याने लिहून घेऊन परत वाचून दाखवायचा. हे बोलणे कुणीही ऐकू शकतो, म्हणून रुग्णाचे नाव हवेत उच्चारायचे नाही.

रेडिओ म्हणजे डॉक्टर नव्हे, हेही सांगतो. 108 लागत असेल तर आधी 108 लावा. काहीच लागत नाही, तेव्हासाठी ही तयारी.

परवाना केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग देतो. त्यासाठी परीक्षा आहे. वय किमान 12 वर्षे लागते. प्राथमिक श्रेणीला मोर्स यावे लागत नाही. विनापरवाना सेट वापरणे गुन्हा आहे. परीक्षा आणि परवाना यांत वेळ जातो, म्हणून जूनमध्ये जागे होऊन चालणार नाही.

तरुण संघाला माझी विनंती आहे: प्रत्येक वाडीतून दोघांची नावे द्या, त्यांत एक तरी मुलगी असावी, कारण बाया आपले दुखणे बाईलाच मोकळेपणाने सांगतात. देणगीदारांना विनंती, सेटसाठी मदत कराच, पण परीक्षेचे शुल्क आणि प्रवासखर्च आधी उचला. सेट कपाटात पडून राहू शकतो. शिकलेली पोरे वाडीत असतील तर तो कामाला येईल. परवाने हातात आले की दर रविवारी उपासनेनंतर अर्धा तास सराव करू. आज जेवणाआधी नावे माझ्याकडे लिहून द्या.