सही एकीची, निर्णय कुणाचा?

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका, वही-पेन शोधायला उठू नका.

आज बोलायचंय ते व्यवस्थापनाच्या अभ्यासाबद्दल. कॉलेजात वाणिज्य शाखेला सुरुवातीला 'व्यवस्थापनाची तत्त्वे' म्हणून जो विषय शिकवतात ना, तो. मी तो चाळिशी ओलांडल्यावर शिकले, मुक्त विद्यापीठातून, गटाचं सचिवपद सांभाळत आणि घरची दोन जनावरं बघत. आमच्या गटातल्या दोघींनी यंदा विचारलं, "ताई, त्यात असतं तरी काय? आणि आपल्यासारखीला त्याचा उपयोग काय?" त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

पुस्तक उघडलं की आधी व्यवस्थापनाची कार्यं येतात. नियोजन, संघटन, माणसं नेमणं, निर्देशन, समन्वय, नियंत्रण. शब्द जड आहेत. पण ज्या बाईनं एकदा लग्नघर उभं केलंय, तिला यातलं एकही काम नवं नाही. किती पानं उठणार याचा अंदाज बांधला, कुणी वाढायचं आणि कुणी कोठीवर बसायचं ते ठरवलं, आचाऱ्याला वेळेत सामान मिळतंय ना ते पाहिलं, तूप संपत आलंय हे पंगत बसायच्या आधी ओळखलं. झालं की सगळं! फक्त नावं नवी.

मग नावं कशाला शिकायची? माझं मत असं, की एखाद्या गोष्टीला नाव मिळालं की बैठकीत तिच्यावर बोट ठेवता येतं. नाहीतर मनात नुसतं खुटखुटत राहतं आणि बाई गप्प बसते.

हेन्री फेयॉल नावाचा एक फ्रेंच खाण-अभियंता होता. 1888 साली तो एका डबघाईला आलेल्या खाण आणि लोखंडाच्या कंपनीचा प्रमुख झाला, कंपनी सावरली आणि तीस वर्षं चालवली. त्या अनुभवावर 1916 साली त्यानं जे लिहिलं, त्यातली 14 तत्त्वं आजही पहिल्या वर्षाची मुलं पाठ करतात. कामाची विभागणी, शिस्त, आदेशाची एकवाक्यता अशी ती यादी आहे. त्यातलं दुसरंच तत्त्व आहे अधिकार आणि जबाबदारी. ही दोन्ही बरोबरीनं चालली पाहिजेत. ज्याच्या अंगावर जबाबदारी टाकली त्याला ठरवायचा अधिकार हवा, आणि जो ठरवतो त्यानं परिणामाची जबाबदारीही घ्यायला हवी. परीक्षेत हे पाच ओळींत लिहून होतं. आपल्या गावात मात्र या पाच ओळींत लाखांचे व्यवहार अडकलेत.

आमच्या शेजारच्या गावातला एक गट आहे, नाव घेत नाही. दहा बायका. त्यांनी शेवयांच्या यंत्रासाठी कर्ज काढलं. बँकेत सह्या केल्या अध्यक्ष आणि सचिव बाईंनी. यंत्र कुठलं घ्यायचं, कुणाकडून घ्यायचं, हे ठरवलं एकीच्या दिरानं. त्याच्या ओळखीचा विक्रेता होता. दहा जणींपैकी एकीनंही यंत्र चालू असलेलं पाहिलं नव्हतं. टेम्पोतून उतरवल्यावर कळलं, मोटर थ्री फेजची आणि ज्या खोलीत ठेवायचं तिथं सिंगल फेज. नवं कनेक्शन घ्यायचं तर वेगळा अर्ज, वेगळं डिपॉझिट. यंत्र ताडपत्रीखाली गेलं. हप्ता काही ताडपत्रीखाली जात नाही, तो दर महिन्याला येतो. त्या बायका खुरपणीला जाऊन तो भरत होत्या. दीर मात्र गटाचा सदस्यच नाही, त्याला कोण विचारणार?

आता हे फेयॉलच्या भाषेत मांडा. अधिकार एका माणसाकडे, जबाबदारी दहा बायकांकडे. गटाच्या कर्जाला बँक एकीचं घर गहाण मागत नाही हे खरं, पण कर्ज साऱ्या गटाचं असतं, ते फेडायची जबाबदारी सगळ्यांची मिळून असते. त्यामुळे ठरवायचा अधिकारही सगळ्यांचा मिळूनच हवा. घरच्या पुरुषांचा सल्ला घेऊ नका असं मी म्हणत नाही. मोटरचं त्यांना जास्त कळत असेल तर विचारावंच. पण सल्ला वेगळा आणि निर्णय वेगळा.

आमच्या गटात डाळ मिलचा विषय निघाला तेव्हा मी बैठकीत हे तत्त्व वाचून दाखवलं. एकदम शांतता. मग आमच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "म्हणजे गं, मी आजवर नुसती सहीच करत होते?" कुणी हसलं नाही. त्या दिवशी ठराव लिहिला: यंत्र घ्यायच्या आधी किमान तिघी सदस्यांनी ते चालू असताना पाहायचं, दोन ठिकाणचे दर लेखी घ्यायचे, आणि निर्णय बैठकीतच, हजर असलेल्यांच्या नावानिशी नोंदवायचा. एका घरी यावरून बोलाचाली झाली. "आता तुम्ही आम्हाला शिकवणार का?" असं ऐकावं लागलं तिला. ती पुढच्या बैठकीला आली नाही. त्याच्या पुढच्याला आली आणि यंत्र बघायला जाणाऱ्या तिघींत स्वतःचं नाव घातलं. डाळ मिल अजून घेतलेली नाही. दोन ठिकाणं पाहून झालीत, तिसरं बघायचंय.

आता नियंत्रण. या शब्दानं बायका बिचकतात, वाटतं कुणीतरी छडी घेऊन उभं आहे. पुस्तकातला अर्थ साधा आहे. काय व्हायला हवं होतं ते आधी ठरवा, प्रत्यक्ष काय झालं ते मोजा, दोन्हींतला फरक बघा आणि दुरुस्त करा. त्यासाठी मोजावं लागतं, आणि आपण एक गोष्ट हटकून मोजत नाही. समजा, गटानं दिवाळीला 40 किलो चकली केली. भाजणी, तेल, गॅस धरून किलोला 200 रुपये खर्च आला आणि 280 रुपयांनी विकली. खर्च 8,000, विक्री 11,200. वर राहिले 3,200. पिशव्या आणि एसटीचं भाडं 320 गेलं, उरले 2,880. सगळ्या खूश, फायदा झाला! पण चौघींनी चार दिवस काम केलं, म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. 2,880 भागिले 16 करा, दिवसाला 180 रुपये हातात. त्याच आठवड्यात खुरपणीचा रोज 300 असेल, तर हा फायदा म्हणायचा का?

म्हणून लगेच चकली बंद करा असं नाही. सावलीत बसून, घराजवळ, मैत्रिणींबरोबर केलेल्या कामाचंही मोल असतं, आणि आपलं गिऱ्हाईक तयार होतंय त्याचंही. पण मग ते समजून उमजून करा. भाव वाढवता येईल का, चौघींऐवजी तिघींत होईल का, चार दिवसांचं काम तीन दिवसांत बसेल का, हे प्रश्न आकडा समोर आल्यावरच सुचतात.

या पुस्तकांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यात वर मालक, मध्ये व्यवस्थापक, खाली कामगार, असं धरूनच सगळं लिहिलेलं. आपल्या गटात मालकीणही आपणच, कामकरीणही आपणच. असे धंदे चालत नाहीत असं नाही. 1959 साली मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा लिज्जत पापड झाला, आणि तिथं लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची भागीदार असते. आपल्याला शिकायचं ते या अंगानं.

त्यासाठी पुस्तकातल्या एका बाईकडे जरा जास्त लक्ष द्या. मेरी पार्कर फॉलेट, अमेरिकेतली, 1868 साली जन्मलेली. तिनं आधी बॉस्टन शहरात वस्तीपातळीवर काम केलं होतं, म्हणून असेल कदाचित, पण तिचं म्हणणं आपल्याला पटकन पटतं. दुसऱ्यावर सत्ता गाजवायची नाही, दुसऱ्याबरोबर मिळून ती उभी करायची, असं ती सांगायची. भांडणाबद्दल तिनं दिलेलं उदाहरण ऐका. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, तिला स्वतःला बंद हवी होती. शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा हवी होती, ती मिळाली. तिला थेट अंगावर वारा नको होता, तो आला नाही. अर्धी खिडकी उघडून दोघांनी नाराज बसण्यापेक्षा हे बरं. आमच्याकडे बैठकीच्या वेळेवरून असंच वाजलं होतं. काही जणींना दुपार हवी होती, काहींना रात्र. नीट विचारल्यावर कळलं की रात्रीचा हट्ट धरणाऱ्यांची अडचण दुपारची वेळ नव्हतीच, त्यांना मजुरीचा खाडा नको होता. आता बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी होते, त्या दिवशी कामाला तशीही सुट्टी असते.

आता शिकायचं कसं, ते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झालं ते आपल्यासारख्यांसाठीच. रोज कॉलेजला जावं लागत नाही. अभ्यासकेंद्र जवळच्या एखाद्या महाविद्यालयात असतं आणि वाणिज्य शाखेची पुस्तकं मराठीतून मिळतात. बारावी झालेली नसेल तर प्रवेशाचा सध्याचा नियम केंद्रावर जाऊनच विचारा, ऐकीव माहितीवर पैसे भरू नका.

आणि पैसे भरायच्या आधी विषय झेपतो का ते बघायचं असेल, तर बारावीचं 'वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन' हे पुस्तक शेजारच्या मुलीकडून मागून आणा. बालभारतीच्या संकेतस्थळावरही ते फुकट मिळतं, मोबाईलवर उतरवून घ्या. त्याचे पहिले दोन धडे वाचा. मी आज बोलले त्यातलं बरंच तिथं आहे. वाचताना प्रत्येक तत्त्वापुढे समासात आपल्या गटातलं एक उदाहरण लिहायचं. 'आदेशाची एकवाक्यता' आलं, की बँकेचे साहेब एक सांगतात आणि गावातली ताई दुसरंच सांगते, ते लिहा. असं लिहिलेलं विसरत नाही. परीक्षेत मुद्दा ठळक लिहून खाली हेच उदाहरण द्या, उत्तर भरतं. दिवसाला चार पानं पुरेत. मी पहाटे धार काढायच्या आधी वाचायची. रात्री डोळे मिटायचे, तो नाद सोडला.

शेवटी कागदांचं, कारण आपल्या बायका इथंच अडतात. गुणपत्रिकेवर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच, हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. लग्नाची नोंद केली नसेल तर ती ग्रामपंचायतीत करता येते. लग्नपत्रिका, फोटो आणि साक्षीदार तयार ठेवा, आणि आणखी काय काय लागेल ते आधी विचारून घ्या. प्रवेशाचे अर्ज साधारण पावसाळ्यात सुरू होतात. तेव्हा पेरणीची धांदल असते आणि ग्रामपंचायतीतही कुणी लवकर भेटत नाही. म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकून घ्या.