ऊन पाणी आणि सरकारी साहाय्य

राजापूर हें नांव घेतलें कीं पुष्कळांना प्रथम आठवते ती तेथील गंगा. उन्हाळे गांवच्या डोंगरावर ती अवचित प्रकट होते, कांहीं काळ तेथील कुंडें भरून वाहते आणि आली तशीच नाहींशी होते. परंतु तिच्याजवळच, महालक्ष्मीच्या देवळापाशीं, उष्ण पाण्याचा एक झरा आहे. तो कोणास वाट पाहावयास लावीत नाहीं. गंगेच्या दर्शनास निघालेले पुष्कळ यात्रेकरू प्रथम ह्या झऱ्यावर स्नान करतात व मग गंगेकडे जातात. भूमीच्या पोटांतील उष्णता येथें मनुष्याच्या पदरांत विनामूल्य पडते; चूल नाहीं, सरपण नाहीं, विजेचें बिल नाहीं.

झऱ्यापासून दूर गेलें म्हणजे मात्र ऊन पाण्याला मोल पडूं लागतें. कोंकणांतल्या घरीं न्हाणीच्या चुलाण्यावर हंडा चढे, कोठें तांब्याचा बंब पेटे, आणि त्याच्या पोटीं काटक्या, सोडणें, झावळ्या जात. पावसाळ्यांत ओलें सरपण फुंकतां फुंकतां घरांतल्या बायकांचे डोळे चुरचुरत. पुढें गॅस आला, विजेचा गिझर आला; धूर गेला, पण खर्च वाढला. हा खर्च कमी करण्याचें एक साधन आज उपलब्ध आहे. त्याला हीट पंप, म्हणजेच उष्णतेचा पंप, असें म्हणतात.

नांव नवें वाटलें तरी वस्तु ओळखीची आहे. घरांतील फ्रिज आंतील उष्णता ओढून मागील बाजूनें बाहेर टाकतो. त्याच्या पाठीमागें हात धरला तर ऊब लागते. उष्णता-पंप हेंच काम दुसऱ्या हेतूनें करतो. बाहेरच्या हवेंतील उष्णता तो शोषून घेतो, एका वायूला दाबून तिची तीव्रता वाढवितो आणि ती टांकींतील पाण्याला देतो. ब्रिटिश पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनीं ही कल्पना १८५२ सालीं मांडली होती. १९३८ सालीं स्वित्झर्लंडांत झुरिच नगराच्या सभागृहाला लिमात नदीच्या थंड पाण्यांतून उष्णता काढून ऊब देण्यांत आली. आपल्या अर्जुना नदीहून कितीतरी अधिक थंड अशा पाण्यांतूनही उष्णता काढतां येते, हें ह्यावरून कळून येईल.

आतां हिशेब पाहूं. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास सुमारे २.३ युनिट उष्णता लागते. साध्या गिझरला तितकीच, किंबहुना किंचित् अधिक, वीज खर्चावी लागते. उष्णता-पंप एका युनिट विजेच्या मोबदल्यांत सुमारें तीन युनिट उष्णता देतो, कारण उरलेली दोन युनिटें त्यानें हवेकडून मिळविलेलीं असतात. म्हणून त्याला ०.८ युनिट वीज पुरते. दिवसाला दीड युनिट, म्हणजे वर्षाला सुमारें साडेपांचशें युनिट वांचतात. हवा जितकी उबदार, तितकें ह्या यंत्राचें काम हलकें. राजापुरास युरोपांतल्यासारखी कडाक्याची थंडी पडत नाहीं; तेव्हां येथील हवा ह्या यंत्रास फारच अनुकूल आहे. सौर पाणतापक ऐन पावसाळ्यांत, ऊन पाण्याची खरी गरज असतांना, ढगांपुढें हतबल होतो. उष्णता-पंपास तशी अडचण येत नाहीं. त्याला वीज मात्र हवी, आणि वादळवाऱ्यांत तारा तुटल्या तर तोही मुकाट बसतो.

मग घरोघर तो कां दिसत नाहीं? उत्तर सरळ आहे: पहिला खर्च मोठा. वीज युनिटला दहा रुपये धरली तर वर्षाची बचत साडेपांच हजारांच्या आंतबाहेर होते. गिझरहून हें यंत्र पंचावन्न हजारांनीं महाग पडलें असें समजलें, तर तो अधिक पैसा फिटण्यास दहा वर्षें लागतील. मध्यम स्थितीचा गृहस्थ इतकीं वर्षें थांबण्यास सहसा तयार होत नाहीं. ह्याच जागीं सरकारनें अर्धा भार उचलला, तर मुदत पांच वर्षांवर येते आणि विचार पालटतो. अनुदानाचें मर्म एवढेंच. वांचलेल्या विजेचा आणि न जळलेल्या कोळशाचा लाभ साऱ्या समाजाला होतो. म्हणून साऱ्या समाजाच्या तिजोरींतून त्याचा कांहीं वांटा दिला जावा, हा त्यामागील न्याय होय.

पाश्चात्य देशांनीं हा न्याय मोठ्या प्रमाणावर चालविला आहे. इंग्लंड व वेल्समध्यें २०२२ सालीं सुरू झालेल्या योजनेंत हवेवरील पंपास प्रथम ५,००० पौंड मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्यें ती रक्कम ७,५०० पौंड झाली. जर्मनीनें १ जानेवारी २०२४ पासून जे नियम लागू केले, त्यांत खर्चाच्या शेंकडा ३० इतकें मूळ साहाय्य ठेविलें, ४०,००० युरोपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाच्या कुटुंबास, तें स्वतःच्या घरांत राहत असल्यास, आणखी शेंकडा ३० दिले आणि सर्व मिळून शेंकडा ७० ची मर्यादा घातली. अमेरिकेंत प्राप्तिकरांत २,००० डॉलरपर्यंत सवलत मिळे. ती २०२५ च्या अखेरीस बंद झाली.

आपल्याकडे उष्णता-पंपाच्या नांवानें घरोघर रोख अनुदान देणारी योजना केंद्र सरकारनें काढलेली नाहीं. आहे तो आडवाटेचा आधार. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेंत छपरावर सौर वीज बसविणाऱ्या कुटुंबास एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोहोंना ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये असें साहाय्य ठरविण्यांत आलें. एक कोटि घरें हें तिचें उद्दिष्ट होय. अशा घरीं दुपारच्या उन्हाच्या विजेवर पंप चालवून टांकी तापवून ठेवली, तर जणूं दुपारचें ऊन पहांटेच्या स्नानास राखून ठेवल्यासारखें होतें. लहान व मध्यम कारखानदारांकरितां जुलै २०२५ मध्यें वीज वांचविणाऱ्या यंत्रांच्या कर्जावरील व्याजांत सूट देणारी योजना निघाली: सूक्ष्म व लघु उद्योगांस शेंकडा ५, मध्यमांस शेंकडा ३. ठरलेल्या धंद्यांच्या यादींत बसणाऱ्यांनाच ती मिळते. सप्टेंबर २०२५ मध्यें सौर पाणतापकांवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ वर आला.

परंतु कोंकणांत एक निराळीच गांठ आहे. छपरावरील सौर विजेचा अर्ज वीजजोडणीच्या ग्राहकक्रमांकावर होतो. येथें घर सामाईक, मीटर आजोबांच्या नांवावर, आजोबा जाऊन वीस वर्षें झालेलीं, वारस कांहीं मुंबईस, कांहीं पुण्यास, आणि घरांत राहते ती एकटी वृद्ध काकी. ऊन पाण्याची निकड तिलाच अधिक. परंतु नांव बदलून घेण्यास चौघांच्या सह्या लागतात आणि चौघे एकत्र येतात ते गणपतीला. त्यांतही अनुदान यंत्र बसवून तपासणी झाल्यावर खात्यांत जमा होतें. म्हणजे आधीं पैसा घरांतून काढावयाचा किंवा कर्ज काढावयाचें. भाड्यानें राहणाऱ्यास तर छप्परच आपलें नाहीं. ज्याच्या हातीं आधींच चार पैसे आहेत, कागदपत्र आहेत, त्याच्याच दारीं सरकारी मदत प्रथम पोंचते. जर्मनीनें उत्पन्न पाहून साहाय्य वाढविलें, त्यांतील विवेक ह्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट स्थैर्याची. घरगुती सौर पाणतापकांना पूर्वीं केंद्राकडून अनुदान मिळे. २०१४ सालीं तें थांबलें. अनुदान असें राजापूरच्या गंगेप्रमाणें अवचित आलें आणि अवचित गेलें, तर भाविक जमतात, पण धंदा उभा राहत नाहीं. कारागीर शिकत नाहीं, दुरुस्तीची सोय होत नाहीं आणि ग्राहक ‘पुढची योजना येईल’ म्हणून हात आखडून बसतो. उन्हाळ्याच्या झऱ्याची धार बारीक असली तरी ती चालूं असते. सरकारी साहाय्याची जातही तशीच असावी.

तोंवर सुज्ञ कुटुंबानें काय करावें? अनुदानाची रक्कम पाहून यंत्र घेऊं नये. आपल्या घरीं रोज किती लिटर ऊन पाणी लागतें तें मोजून घ्यावें. दोघांच्या संसारास साधा गिझर बेताबेतानें वापरणें अजूनही स्वस्त पडेल. खाणावळ, लॉज, रुग्णालय किंवा वसतिगृह ह्यांना जेथें दिवसाला हजार लिटर लागतें, तेथें हिशेब त्वरित जुळतो, अनुदान असो वा नसो. दुरुस्ती करणारा किती कोसांवर आहे हेंही विचारावें. आणि सर्वांत आधीं, येत्या गणपतीला घरचीं माणसें जमलीं, कीं मीटरवरचें नांव बदलण्याच्या कागदावर त्यांच्या सह्या घेऊन टाकाव्या. त्या कामास कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाहीं.