प्रवास, यात्रा आणि दौरा
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



केंद्र सरकारच्या नोकरीत माझी पुष्कळशी शाई प्रवास भत्त्याची बिले भरण्यात खर्च झाली. त्यामुळे जर्नी, ट्रिप, टूर या शब्दांतील भेद मला कोशापेक्षा हिशेबनिसांच्या लाल शेऱ्यांनीच अधिक शिकविले. ‘ट्रिप’मध्ये परतणे गृहीत असते, ‘जर्नी’त ते असेलच असे नाही. ‘जर्नी’चे मूळ फ्रेंचांच्या दिवसवाचक शब्दात आहे, एका दिवसाची वाटचाल, म्हणजे आपल्या ‘मजल दरमजल’मधील मजलच! ‘टूर’ आणि ‘दौरा’ या दोहोंच्या मुळाशी वर्तुळाकार फिरणे आहे. सरकारी माणूस फिरून आपल्या टेबलाशी येतो, हे शब्दांनाही ठाऊक असावे.

अशाच एका दौऱ्यात तंजावर-कुंभकोणम मार्गावरील पापनाशमला उतरलो होतो. तेथील 108 शिवलिंगांच्या देवळात एक वृद्ध गृहस्थ भेटले. मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ.

“यात्रेस आलांत काय?”

“नाही, दौऱ्यावर.”

“मग पुण्य सरकारास!” ते हसून म्हणाले.

त्याच मुलुखाचे सरफोजीराजे 1820 ते 1822 या काळात मोठा लवाजमा घेऊन काशीस जाऊन आले. ती यात्रा, तिच्यावर लावण्याही रचल्या गेल्या. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजे विजापूरकरांच्या आज्ञेने तंजावरावर चालून आले, ती मोहीम. 1855 मध्ये राज्य संपले, माणसे मात्र राहिली. त्यांच्या येण्याला कोणता शब्द लावावा?

संस्कृतात ‘प्रवास’ म्हणजे घरापासून दूर वास. हिंदीने ‘प्रवासी’ शब्दात तो अर्थ राखला. आपण मराठी माणसांनी मात्र प्रवाशाला आगगाडीच्या डब्यात बसविले.

मी त्या गृहस्थांना विचारले, “आपण इकडे केव्हा आलांत?”

“आलो कुठे? आम्ही इथलेच.”

हे उत्तर मला अजून सुटलेले नाही. थोड्याच वर्षांत मी निवृत्त होईन. तेव्हाही एक अखेरचे प्रवासाचे बिल असते, त्यात कायम वास्तव्याचे गाव लिहावे लागते. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, “साताऱ्यास परत जायचे.” तिरुचिरापल्लीस जन्मलेला आमचा मुलगा म्हणतो, “बाबा साताऱ्याला जाणार.” त्याच्या वाक्यात ‘परत’ नाही.