खेळ, प्रश्न आणि मानधन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



शेतमालाचे भाव, महागाई, कंत्राटी कामगार या विषयांच्या रांगेत ‘बालवाडीतील खेळ आणि शोधवृत्ती’ हा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल. सकाळी चहाच्या वेळी एका जुन्या साथीने मला विचारलेही, ‘सर, जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेत, आता आम्हाला बडबडगीते शिकवणार काय?’ तसा धोका नाही. माझे आजचे विवेचन अर्थशास्त्राच्याच कक्षेतले आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आपल्या मनाने खेळायला, वस्तू हाताळून पाहायला आणि प्रश्न विचारायला जो निवांत वेळ लागतो, तो कोणाच्या तरी श्रमातून निर्माण होतो. त्या श्रमाचे मोल कोण देतो आणि कोण चुकवतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या चळवळीला हा विषय नवा वाटावा, याचेच मला नवल वाटते. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीत रॉबर्ट ओवेनने १८१६ साली कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. चालू लागलेले मूल तेथे घेतले जाई. ओवेन गिरणीचा भागीदार होता, आणि आया कामावर निर्धास्त याव्यात हा हिशेब त्यात होताच. तो आपण नाकारू नये. पण त्या शाळेत लहानांच्या मागे पुस्तकांचा तगादा लावायचा नाही, मारायचे नाही, नाच, गाणे आणि भोवतालच्या वस्तू यांच्याविषयी गप्पा मारत शिकवायचे, असा दंडक होता. पहिला शिक्षक नेमला तो जेम्स ब्युकॅनन नावाचा एक साधा विणकर. समाजवादाच्या इतिहासात ओवेनचे सहकारी प्रयोग आपण शिकवतो. ही शाळा मात्र तळटिपेत जाते.

‘किंडरगार्टन’ हे नाव देणारा जर्मन शिक्षक फ्रोबेल हा समाजवादी नव्हता. तो श्रद्धाळू गृहस्थ होता. १८४० साली त्याने हे नाव घेतले आणि मुलाचा खेळ हेच त्याचे शिक्षण, असे सांगितले. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली किंडरगार्टनवर बंदी घातली. ही संस्था नास्तिक आणि समाजवादी विचार पसरवते, असा ठपका होता. फ्रोबेलच्या पुतण्याच्या लिखाणामुळे काकाही गोत्यात आला, असे इतिहासकार सांगतात. ते खरेच आहे. तथापि ज्या सरकारने १८४८ ची क्रांती नुकतीच चिरडली होती, त्याला पाच वर्षांच्या मुलाने लाकडी ठोकळे स्वतःच्या मनाप्रमाणे रचावेत याचीही धास्ती वाटली, यात मला केवळ कारकुनी घोटाळा दिसत नाही. बंदी १८६० साली उठली. तोवर फ्रोबेल वारला होता.

आता आपल्याकडे येऊ. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉण्टेसरी पद्धतीचे काम केले आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पण शहरी बालमंदिराची साधने महाग, मुले सुखवस्तू घरांतली. १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि पद्धतीची कसोटी लागली. दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. कारण उघड होते: चार-पाच वर्षांची पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली असे, ती कामावरच होती. तेव्हा या बायकांनी बालवाडी उचलून वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द, जो आज सबंध देशाच्या सरकारी कागदावर आहे, त्या अंगणातून निघाला. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुले कुरणात असतात, तर शाळेने कुरणात जावे. परदेशी साधनांच्या जागी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने आली. मोजणे, जुळवणे, लहानमोठे लावणे हे सारे त्यांवर होऊ शकते, हे तेथे सिद्ध झाले.

एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो. त्याच १९४५ साली, त्याच डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. एका बाजूला वेठ नाकारणारे आईबाप, दुसऱ्या बाजूला त्याच समाजातील मुलांच्या हाती खेळ देऊ पाहणाऱ्या दोन शिक्षिका. या दोन कामांची भाषा वेगळी होती, राजकारण वेगळे होते. म्हणून आपण त्यांचे इतिहासही दोन कपाटांत ठेवले. मला ते एकाच कपाटात ठेवावेसे वाटतात.

शोधातून शिकणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे न सांगता पुढे गेलो तर सारे हवेत राहील. मराठवाड्यातील एका अंगणवाडीत मी एक सकाळ बसलो होतो. पाचसहा मुलांनी ‘दुकान’ मांडले होते. मदतनीस बाईंनी दोन करवंट्यांचा तराजू बांधून दिला होता. मालात चिंचोके, बाटल्यांची बुचे आणि पळसाची पाने होती. एक मुलगी गादीवर बसली. पहिल्याच गिऱ्हाइकाने माल घेतला आणि म्हणाला, ‘लिहून ठेव.’ ती पाटीवर रेघा ओढू लागली. मित्रहो, ग्रामीण पतपुरवठ्यावर मी अनेक वर्षे व्याख्याने दिली; चार वर्षांच्या मुलांना उधारीची वही इतकी पाठ असते, हे कोणत्याही अहवालात मला वाचायला मिळाले नव्हते.

थोड्या वेळाने तंटा झाला. एका मुलाच्या नावावर पाच लांबलचक, ऐसपैस रेघा होत्या. दुसऱ्याच्या नावावर सात बारक्या, दाटीने काढलेल्या. ‘माझी उधारी कमी,’ असे दुसरा म्हणाला, कारण त्याची ओळ आखूड दिसत होती. ज्यांनी पियाजेचे प्रयोग वाचले असतील त्यांना हे ओळखीचे वाटेल. या वयात मूल ओळीच्या लांबीला संख्या समजते. सेविकाताई जवळच होत्या. ‘चूक, सात जास्त असतात’ असे त्या सहज सांगू शकल्या असत्या. मुलाने ते ऐकले असते आणि विसरला असता. त्यांनी विचारले, ‘कोणाची जास्त, ते कसं कळेल रे?’ आणि गप्प बसल्या. एका मुलीने प्रत्येक रेघेवर एकेक चिंचोका ठेवला. मग दोघांचे चिंचोके समोरासमोर मांडले गेले. एका बाजूचे दोन उरले. तो मुलगा त्या दोन चिंचोक्यांकडे बराच वेळ पाहत राहिला, मग त्याने सगळे पुन्हा मांडून बघितले. दुसऱ्यांदा उरले तेव्हा त्याने मान्य केले, आणि लगेच दुकानदारणीला म्हणाला, की तू मला जास्त लावलंस!

यात अंकगणित आहे, पुरावा मागणे आहे, आणि सावकाराच्या वहीवर शंका घेणेही आहे. हे घडायला खर्च काय आला? चिंचोक्यांना काही नाही. पण एक प्रशिक्षित बाई दहा मिनिटे घाई न करता तेथे बसून होती, आणि उत्तर ठाऊक असून ते तिने रोखून धरले. या शिक्षणातली खरी महाग वस्तू तीच आहे. यंत्र लावून ही दहा मिनिटे पाचांत आणता येत नाहीत. पुढे त्याच ताईंना पर्यवेक्षिकेचा फोन आला, पोषण ट्रॅकरमधील माहिती अपुरी होती. त्या मोबाइल घेऊन दाराशी गेल्या. गादीवरून भांडण जुंपले, दुकान मोडले, आणि मदतनीस बाईंनी सर्वांना ओळीत बसवून बाराखडी म्हणायला लावली. त्यांना मी दोष देत नाही. एका हाताने खिचडी ढवळताना दुसऱ्या हाताने एवढेच होते.

अर्थशास्त्रज्ञ मंडळी हल्ली बालशिक्षणाविषयी फार उत्साहाने बोलतात. त्यांचा आवडता दाखला अमेरिकेतील मिशिगन राज्यात, इप्सिलान्टी गावी १९६२ ते १९६७ या काळात चाललेल्या पेरी बालशाळेचा. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले निवडली. ५८ मुलांना बालशाळा मिळाली, ६५ जणांना नाही. पुढे ती चाळिशीला पोहोचेपर्यंत आणि त्यानंतरही त्यांचा मागोवा घेतला गेला. शाळेत गेलेल्यांचे शालेय शिक्षण अधिक पुरे झाले, कमाई अधिक, तुरुंगवाऱ्या कमी. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जेम्स हेकमन यांनी त्यावरून गुंतवणुकीवरील परताव्याचे गणित मांडले आणि ते जगभर गेले. मूल म्हणजे भांडवली रोखा, हा सूर मला रुचत नाही. पाच वर्षांच्या मुलाचे आजचे आयुष्य हेही आयुष्यच आहे. पण वादापुरता तो हिशेब मान्य करू, आणि खातेवही पूर्ण उघडू. परताव्याची बाजू सगळे वाचतात. खर्चाची कोण वाचतो? त्या शाळेत साधारण सहा मुलांमागे एक शिक्षक होता. शिक्षक सरकारी शाळेच्या पात्रतेचे होते आणि वेतनही त्याच तोडीचे होते. ते आठवड्यातून एकदा मुलाच्या घरी जात. आज काय करायचे हे मुलाने ठरवावे, करावे, आणि मग काय केले ते सांगावे, ही रीत त्याच कामातून पुढे आली.

आमच्याकडे परतावा पेरीचा मागितला जातो आणि खर्च मानधनाचा केला जातो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आरोग्य-पोषण शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा एका बाईच्या माथी आल्या. आणि ती बाई ‘मानसेवी’. केंद्र सरकारने २०१८ साली तिचे मानधन दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये केले. राज्ये आपापली भर घालतात. मानधन या शब्दाचे मला कौतुक वाटते. मान दिला की धन कमी देता येते! सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला. महाराष्ट्रातील सेविकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू केलेला संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्या संपात आपले कार्यकर्ते होते. आपल्या पत्रकांत वेतन होते, निवृत्तिवेतन होते, मोबाइल होता. मूल काय करते, याचा एक शब्द नव्हता.

घटनेचीही आठवण करून देतो. मूळ पंचेचाळिसाव्या कलमात चौदा वर्षे पुरी होईपर्यंतच्या सर्व मुलांची तरतूद होती. म्हणजे जन्मापासूनची मुले त्यात होती. २००२ सालच्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क मिळाला, त्याचे आपण स्वागत केले. पण सहा वर्षांखालील मूल मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले; राज्याने ‘प्रयत्न करावा’, इतकेच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा कल्पिला, खेळातून आणि शोधातून शिकण्याची भाषा वापरली, आणि २०३० हे वर्ष ठरवले. त्यातील भाषेशी माझे भांडण नाही. ती पुष्कळशी कोसबाडचीच भाषा आहे. हक्क न देता आणि पगार न देता ही भाषा बोलता येते, ही माझी तक्रार आहे.

आता एका आक्षेपाकडे वळतो, कारण तो तुम्हाला गावोगाव ऐकावा लागेल. आईबाप म्हणतात, ‘खेळायला तर घरीही येतं, अंगणवाडीत शिकवत नाहीत, आम्ही पोर इंग्रजी नर्सरीत घालतो.’ मजूर बाई शंभर-शंभर रुपये बाजूला टाकून बूट-टायची फी भरते. तेथे तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ असतो, बोटांना पेन्सिल धरण्याचे बळ येण्याआधी. या आईला अडाणी म्हणणारे सुशिक्षित मला भेटतात, तेव्हा मला चीड येते. तिने रोजगाराचा बाजार पाहिला आहे. ज्यांच्या हाती कागद आहेत ते सावलीत बसतात, हे तिचे निरीक्षण अचूक आहे. तिला पुरावा हवा आहे, आणि भरलेली वही हा तिला दिसणारा एकमेव पुरावा आहे. तिला भाषण देऊन उपयोग नाही. तिला त्या ‘दुकाना’शेजारी बसवले पाहिजे. उरलेले दोन चिंचोके तिला दिसले, तर त्यांचा अर्थ तिला प्राध्यापकापेक्षा लवकर कळेल. उधारीची वही तिच्याही घरी आहे.

तेव्हा तालुक्यांना परत गेल्यावर एक करा. आपल्या गावच्या अंगणवाडीत आधी कळवून, ताईंची परवानगी घेऊन, दोन तास बसा. तपासनीस म्हणून जाऊ नका. त्या दोन तासांत ताईंना किती वेळा उठावे लागले आणि कोणत्या कामासाठी, हे लिहा. मुलांनी स्वतःहून किती प्रश्न विचारले आणि किती प्रश्नांना ऐकणारे कोणी होते, हेही लिहा. दोन्ही आकडे एकाच कागदावर हवेत. तो कागद ताईंना वाचून दाखवा, त्यांना मान्य असेल तरच संघटनेच्या मागणीपत्राला जोडा आणि ग्रामसभेत ठेवा. ग्रामसभेला आया येतील अशी वेळ निवडा; दुपारची वेळ ठेवलीत तर त्या शेतावर असतात.