जिना, गुडघे आणि तीन आठवड्यांचं अंथरूण

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



मी डॉक्टर नाही, व्यायामशिक्षकही नाही. ३५ वर्षं बँकेत खुर्चीवर बसलो. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते थोडं वाचलेलं आणि बरंचसं अंगावर निभावलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी आपली लिफ्ट बदलली तेव्हा महिनाभर सगळेच जिन्याने ये-जा करत होते, आठवतं ना? मी सहाव्या मजल्यावर. पहिल्या आठवड्यात धाप लागली, दुसऱ्यात जमायला लागलं, आणि तिसऱ्यात माझ्या डोक्यात वारं शिरलं. काही काम नसताना दिवसातून चार-चार वेळा वर-खाली. शिवाय सकाळी ५ किलोमीटर चालणं वेगळंच. वॉचमन सलाम करून म्हणायचा, "काका, एकदम जवान!" मग काय, आणखी एक फेरी.

मांड्या दुखायला लागल्या, त्याचं काही नाही. पण रात्री झोप येईना, भूक मंदावली. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजायची मला जुनी सवय आहे. एरवी ७० च्या आसपास असते, ती ८० च्या पुढे गेली. आणि चिडचिड इतकी, की आमच्या हिनं विचारलं, "घरात ऑडिट आलंय का?" मला वाटलं, व्यायाम कमी पडतोय. म्हणून वाढवला! शेवटी टाचेच्या मागची शीर अशी धरली की पाय टेकवेना.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, ही सगळी लक्षणं पुस्तकात जशीच्या तशी आहेत. स्नायू व्यायाम करताना बळकट होत नाही. तेव्हा तो थकतो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. जिना उतरताना तर जास्त, कारण मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलत असतो. डागडुजी होते ती विश्रांतीत आणि झोपेत. ती पुरी व्हायच्या आत रोज नवा भार टाकत गेलं की स्नायूच नाही, नाडी, झोप, भूक, मिजास, सगळंच बिघडतं. त्यावर टॉनिक नाही. थांबायचं, एवढंच.

आमच्या कॉलेजात शिकवायचे की स्नायूत लॅक्टिक आम्ल साचतं म्हणून अंग दुखतं. आता तसं मानत नाहीत. ते व्यायामानंतर तासाभरात बहुतेक निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जी ठणक लागते, ती त्या बारीक इजेची आणि सुजेची.

थकवा नुसता स्नायूंचाही नसतो बरं का. इटलीत अँजेलो मोस्सो नावाच्या शास्त्रज्ञाने १८९१ साली थकव्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. एका बोटानं वजन ओढायचं यंत्र त्याने केलं होतं. तोंडी परीक्षा घेऊन दमून आलेल्या सहकाऱ्याचं बोट त्यावर नेहमीपेक्षा लवकर थकलं. दिवसभर फक्त प्रश्न विचारलेले, तरी! मार्चअखेरीचं क्लोजिंग आटोपून घरी येताना पाय का उचलत नसत, याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं.

आता गोष्टीचा दुसरा भाग. डॉक्टर म्हणाले, चार दिवस पायाला आराम द्या. त्यातच ताप आला, आणि चार दिवसांचे तीन आठवडे झाले. पाणीसुद्धा जागेवर. बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

गणपतीत क्लब हाऊसला सत्यनारायण होता. मी सतरंजीवर मांडी घालून बसलो. आरतीला सगळे उभे राहिले आणि मला उठताच येईना. हात टेकले, कूस बदलली, काही उपयोग नाही. बी विंगच्या दोन मुलांनी काखेत हात घालून उचललं. आरतीभर मी मूर्तीकडे पाहिलंच नाही.

अमेरिकेत डॅलस इथे १९६६ साली २० वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. शरीराची प्राणवायू वापरायची ताकद पाव हिश्शाहून जास्त घटली. व्यायामाने ती परत आली. ३० वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमीच निघाली. ही झाली तरण्याताठ्यांची गोष्ट. २००७ सालच्या एका प्रयोगात आपल्या वयाच्या निरोगी माणसांना फक्त १० दिवस झोपवलं, तर पायांचं सुमारे एक किलो मांस गेलं.

हे वाचलं तेव्हा मला आमचे दादा आठवले. हर्नियाचं ऑपरेशन साधं होतं, नीट झालं होतं. पण घरी आल्यावर आम्ही भावंडांनीच त्यांना उठू दिलं नाही. ते म्हणायचे, "अरे, गॅलरीपर्यंत तरी जातो." आम्ही म्हणायचो, "दादा, पडा तुम्ही, आम्ही आहोत ना." दोन महिने असे गेले. पुढे ते चार वर्षं होते, पण दारापर्यंतच. सगळं प्रेमानंच केलं होतं.

आता जरा बरी बातमी. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या माणसांकडून आठ आठवडे पायाने वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, देखरेखीखाली. पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत! मग आपण सत्तरीतली पोरं काय रडतोय?

मी सुरुवात खुर्चीपासून केली. हात न टेकता पाच वेळा उठायचं, बसायचं. पुढे दहा. मग एक मजला, मग दोन. आज सहाव्या मजल्यापर्यंत चढतो, उतरताना मात्र लिफ्ट. गुरुवारी जिना बंद. सकाळी नाडी नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त लागली, तर त्या दिवशी नुसता फेरफटका. हे माझं गणित, माझ्यापुरतं. हृदयाचा, गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. यंदा आरतीला मी आपला आपला उठलो. ती दोन मुलं माझ्याकडेच बघत होती, तयारीत.

सेक्रेटरीसाहेब, जाता जाता एक अर्ज, तोंडीच करतो. आपल्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. चढताना उजव्या हाताला येतो, उतरताना डाव्या. ज्यांचा तो हात चालत नाही, त्यांनी काय करायचं? भिंतीच्या बाजूलाही एक पाइप लावून घ्या. खर्चाचा अंदाज मी काढून आणलाय, चहा झाला की दाखवतो.